फोटोत जबडा नेहमी बाहेरच

मोबाइल हातात आहेच, तर एक काम करा. गुगलवर ‘गॉब्लिन शार्क’ असं टाका आणि फोटो बघा. फिकट गुलाबी, सोललेल्यासारखं अंग. डोक्यातून पुढे आलेलं चपटं, लांब पातं. आणि त्या पात्याच्या खाली, तोंडातून निसटून बाहेर पडल्यासारखा एक अख्खा जबडा, सुयांसारख्या दातांनी भरलेला. घरात लहान मूल असेल तर ते आधी ओरडेल आणि मग ‘अजून दाखव’ म्हणेल.

आता एक गोष्ट लक्षात ठेवून तेच फोटो पुन्हा बघा. त्यातले बहुतेक मासे मेलेले आहेत, नाहीतर जाळ्यातून वर ओढून मरायला टेकलेले. हा मासा जिवंत असताना, आपल्या आपण पोहत असताना, त्याचा जबडा असा लोंबत नाही. तो आत असतो, पात्याखाली नीट बसलेला. तोंड मिटलेलं असलं की एक लांब नाकाचा, जरा सुस्त मासा, एवढंच दिसतं. जबडा बाहेर येतो तो शिकार पकडताना, डोळ्याचं पातं लवावं इतक्या वेळापुरता. पण तो क्षण बघायला खाली कोण असतं? वर आलेल्या मेलेल्या माशाचे स्नायू सैल पडलेले असतात, जबडा बाहेरच राहतो, कोणीतरी फोटो काढतं, आणि तोच त्याचा कायमचा चेहरा होतो.

माझी आणि या माशाची ओळख ऑफिसात झाली. मी बंगळुरूत कंटेंट रायटर आहे. बीए इंग्लिश केल्यावर ‘आता पुढे काय’ हा प्रश्न जे विचारत होते त्यांना अजूनही माझं काम नीट समजलेलं नाही, आणि त्यांचं चूकही नाही. मी सकाळी केसांच्या तेलावर लिहिते, दुपारी मुलांच्या विम्यावर, आणि संध्याकाळी कोणाला तरी ‘जगातले दहा सर्वांत कुरूप प्राणी’ हवे असतात. यादीत ब्लॉबफिश होता, नेकेड मोल रॅट होता, आणि चौथ्या क्रमांकावर हा. मला त्याच्यावर साठ शब्द लिहायचे होते. मी तीन तास वाचत बसले.

त्याचं कारण सांगते. माझे दात पुढे आहेत. थोडे नाहीत, चांगलेच. वरचा जबडाच पुढे आहे, त्यामुळे ओठ सहज मिटत नाहीत. मिटवायचे तर हनुवटीवर सुरकुत्या पडतात. शाळेत माझं नाव ‘फावडी’ होतं. हे नाव मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागणार नाही, प्रत्येक वर्गात एक फावडा किंवा फावडी असतेच. आमचं मूळ गाव वेंगुर्ल्याकडचं, पण बाबांच्या नोकरीमुळे मी वाढले कोल्हापुरात. आजी मात्र गावातच राहिली. मी रडत गेले की तिचं एकच उत्तर असे, “दात आसत मा? मग जेव.”

आणि जेवणात बऱ्याचदा मोरी असायची. देशावरच्या वाचकांसाठी सांगते, मोरी म्हणजे शार्क. मुंबईकडे मुशी म्हणतात. पिक्चरमधला शार्क माणसं खातो, आमच्याकडे माणसं शार्क खातात, तीही भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात, कोकमं टाकून. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम मोरी देतात. तिला एक उग्र वास असतो, कारण शार्कच्या अंगात युरिया असतो आणि मासा शिळा होऊ लागला की त्याचा अमोनिया होतो. म्हणून मोरी ताजीच हवी, हे आजीला कोणत्याही पुस्तकाशिवाय माहीत होतं. तुमच्यापैकी ज्यांनी बीएस्सीला झूलॉजी घेतलं होतं त्यांनी ही बाजारातली छोटी मुशी ट्रेमध्ये चिरलीही असेल. ‘स्कोलियोडॉन’ आठवतो का? तोच. त्यावरचं भारतातलं जुनं, मोठं पुस्तक १९२८ साली लखनौहून निघालं आणि ते लिहिणारी एक बाई होती, इव्हँजेलिन थिल्लयम्पलम. हे मी वाचलं तेव्हा मला उगाचच फार बरं वाटलं होतं.

तर या माशाची शिकार कशी चालते ते बघू. मला यातली गंमत तिथेच वाटते.

हा मासा मुख्यतः समुद्रात २७० ते ९६० मीटर खोलीवर सापडतो. बंगळुरू समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंच आहे. म्हणजे मी माझ्या पीजीच्या गच्चीवर उभी असते तेव्हा समुद्राच्या जेवढी वर असते, जवळजवळ तेवढाच तो खाली असू शकतो. समुद्रात २०० मीटरच्या खाली उजेड इतका कमी होतो की वनस्पती वाढू शकत नाहीत, आणि हजार मीटरपर्यंत तो पार संपतो. तिथे अन्न कमी असतं आणि दूरदूर विखुरलेलं असतं. अशा जागी पळत सुटून शिकार करणं परवडत नाही. या माशाचं अंगही पळायचं नाही: मांस लिबलिबीत, कल्ले लहान, शेपटी लांब आणि सुस्त. त्यामुळे तो जवळजवळ तरंगत, संथपणे पुढे सरकत असावा असं शास्त्रज्ञ मानतात. हळू सरकणारा मासा पाण्यात फारशी खळबळ करत नाही, म्हणून समोरचाही सावध होत नाही.

ते लांब पातं म्हणजे नाक नव्हे, हत्यारही नव्हे. त्याच्या खालच्या बाजूला बारीक बारीक छिद्रं असतात, आत जेलीसारखा पदार्थ भरलेला. झूलॉजीवाल्यांनो, हेच ते ‘अँप्युली ऑफ लोरेन्झिनी’, जे तुम्ही परीक्षेत आकृती काढून सोडून दिलंत. प्रत्येक जिवंत प्राण्याच्या स्नायूंतून, हृदयातून अतिशय क्षीण वीज पाण्यात पसरत असते. ही छिद्रं ती वीज ओळखतात. म्हणजे काळोखात एखादा मासा अगदी स्तब्ध राहिला तरी त्याचं हृदय चालू असतं, आणि ते त्याला लपवता येत नाही.

आता शिकार टप्प्यात आली आहे, पण दोघांमध्ये वीत-दीड वीत पाणी आहे. एवढं अंतर झेप घेऊन कापायला हा मासा फार सुस्त. मग काय करतो? स्वतः जात नाही, जबडा पाठवतो.

लहानपणी तुम्ही बेचकी वापरली असेल. रबर मागे ताणायचं, धरून ठेवायचं, सोडायचं. या माशाचे जबडे डोक्याच्या कवटीला घट्ट चिकटलेले नसतात, लवचीक बंधांनी टांगलेले असतात. जबडा आत असतो तेव्हा हे बंध ताणलेले असतात. ते सुटले की वरचा-खालचा जबडा मिळून पुढे फेकला जातो. त्याच वेळी तोंडाचा तळ खाली जातो आणि पाण्यासकट शिकार आत ओढली जाते. पुढचे दात लांब आणि सुईसारखे, निसटणारा मासा किंवा माकूल टोचून धरायला. मागचे चपटे, चुरडायला.

हे सगळं शंभरेक वर्षं लोक मेलेल्या माशांकडे बघून अंदाजाने सांगत होते. प्रत्यक्ष चित्रण झालं ते अलीकडे, २००८ आणि २०११ मध्ये, जपानच्या एनएचके वाहिनीच्या पथकाकडून. होक्काइदो विद्यापीठाचे काझुहिरो नाकाया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले पाच हल्ले एकेक फ्रेम करून तपासले आणि २०१६ मध्ये निष्कर्ष छापले. जबडा सेकंदाला जास्तीत जास्त ३.१ मीटर वेगाने बाहेर येतो. माशाच्या लांबीच्या ८.६ ते ९.४ टक्के इतका पुढे येतो. इतका पुढे येणारा जबडा दुसऱ्या कोणत्याही माहितीतल्या शार्कचा नाही. आणि हल्ला करण्याआधी खालचा जबडा एकदा खाली आणि मागे जातो, मग पुढे. म्हणजे गोलंदाज हात मागे नेतो तसं.

मी माझा हिशोब करून पाहिला. माझी उंची १५७ सेंटिमीटर. या माशाच्या प्रमाणात माझा जबडा पुढे आला असता तर जवळजवळ चौदा सेंटिमीटर आला असता. माझा आलाय आठ मिलिमीटर. हा आकडा मला दाताच्या डॉक्टरांनी दिला. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी नावाचं. १८९८ साली जपानमध्ये योकोहामाजवळ साधारण १०७ सेंटिमीटरचा एक नर पिल्लू मासा पकडला गेला. ॲलन ओस्टन नावाच्या, जहाजं चालवणाऱ्या आणि प्राण्यांचे नमुने जमवणाऱ्या माणसाकडे तो आला. त्याने तो टोकियो विद्यापीठातले प्राध्यापक काकिची मित्सुकुरी यांना दिला, आणि त्यांच्याकडून तो अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञ डेव्हिड स्टार जॉर्डन यांच्याकडे गेला. जॉर्डन यांनी दोघांचीही नावं लावून त्याला ‘मित्सुकुरिना ओस्टोनी’ केलं. गुलाबी रंग कातडीचा नाही, ती पारदर्शकासारखी आहे, आणि आतल्या रक्तवाहिन्या दिसतात. मेल्यावर, दारूत बुडवून ठेवल्यावर तो करडा-तपकिरी होतो. म्हणजे संग्रहालयातल्या बाटलीत त्याचा रंगही त्याचा राहत नाही.

जपानी कोळी त्याला आधीपासून ‘तेंगूझामे’ म्हणत होते. झामे म्हणजे शार्क. तेंगू हा त्यांच्या लोककथांतला डोंगरातला जीव, लाल तोंडाचा, लांब नाकाचा. तो खोडकर आहे, रागीट आहे, पण काही ठिकाणी त्याला मानही आहे, त्याचे मुखवटे असतात. इंग्रजीत आणताना तेंगूचा गॉब्लिन झाला. गॉब्लिन म्हणजे नुसतंच कुरूप भूत. भाषांतर हा माझा धंदा आहे, त्यामुळे मला हे जास्त टोचलं. आपल्याकडे हा मासा कोळ्यांच्या जाळ्यात नेहमी आला असता तर त्याला काय नाव मिळालं असतं? कोणीतरी ‘फावडी मुशी’ म्हटलंच असतं, यात मला शंका नाही. पण ते घरचं नाव असतं.

फोटोचा एक किस्सा सांगितलाच पाहिजे. २०२२ मध्ये एका संशोधनपत्रिकेत बातमी आली की भूमध्य समुद्रात पहिल्यांदाच गॉब्लिन शार्क सापडला. पुरावा म्हणून ग्रीसच्या एका किनाऱ्यावर पडलेल्या लहानशा माशाचा एकच फोटो. दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तो निरखून पाहिला आणि म्हणाले, हा मासा फार ताठ आहे, कल्ल्यांच्या कडा गुळगुळीत आहेत, आणि बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या खेळण्याशी हा फार जुळतो. बराच वाद झाला. शेवटी २०२३ मध्ये लेखकांनी तो शोध मागे घेतला. मला त्या लोकांवर हसावंसं वाटत नाही. ज्या जीवाला कोणीच नीट पाहिलेलं नाही, त्याचा एक फोटो समोर आला की माणूस त्यावर विश्वास ठेवतोच.

जिवंत ठेवून बघायचा प्रयत्नही झाला आहे. २००७ च्या जानेवारीत टोकियोच्या उपसागरात सापडलेला एक छोटा मासा तिथल्या मत्स्यालयात ठेवला होता. दोन दिवसांत मेला.

आता डॉक्टर. गेल्या वर्षी आईने बायोडेटा करायला घेतला. मी सव्वीसची होणार, त्यामुळे तिला घाई होती, आणि मला लग्न करायचंच नाही असंही नव्हतं. पण फोटोवर गाडी अडली. हसले की दात दिसतात, न हसले की तोंड उघडं दिसतं, तोंड जोर लावून मिटलं की रागावल्यासारखी दिसते. आत्याने सुचवलं की चेहरा किंचित वळवून काढ. मावशीने एक ॲप पाठवलं, त्यात दात आपोआप आत जातात. मी गंमत म्हणून करून पाहिलं. फोटोतली मुलगी चांगली होती, पण ती मला ओळखत नव्हती.

मग मी इथे बंगळुरूत एका मोठ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि सरळ बोलत होत्या. त्यांनी एक्स-रे स्क्रीनवर लावला. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये आठ मिलिमीटरचं अंतर. या वयात नुसत्या तारेने पूर्ण काम होणार नाही. वर्ष-दीड वर्ष तार, मग शस्त्रक्रिया करून वरचा जबडा कापून मागे बसवायचा, प्लेटा-स्क्रू लावायचे, मग पुन्हा काही महिने तार. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे पातळ आणि मऊ खायचं. ओठ काही काळ बधीर राहतात, काही जणांत तो बधिरपणा पूर्ण जात नाही. खर्च ऐकून मी पर्स घट्ट धरली.

“तुम्हाला चावायला त्रास होतो का? जबडा दुखतो? झोपेत श्वास अडकतो?” त्यांनी विचारलं.

नाही. मी ऊस सोलून खाते.

“मग हा निर्णय पूर्ण तुमचा आहे,” त्या म्हणाल्या. “घाई नाही. पण कोणी दुसऱ्याने सांगितलं म्हणून करू नका, कारण भूल उतरल्यावर दुखणार तुम्हालाच आहे.”

शस्त्रक्रिया वाईट असं मी म्हणत नाही. माझ्याच ऑफिसातल्या एकीने केली, तिला खरोखर चावता येत नव्हतं, आणि आता ती मस्त भेळ खाते. ज्याला आरशात बघताना रोज त्रास होतो त्यानेही जरूर करावी. कोणाला किती त्रास व्हावा हे बाहेरच्याने ठरवू नये. माझा प्रश्न वेगळा होता. मला त्रास आरशाचा नव्हता, फोटोचा होता. आरशात मी हलते, बोलते, ओठ वर-खाली होतात, मला मी ठीक वाटते. फोटोत मी जाळ्यातून वर आलेली असते.

तीन तास वाचून मी त्या यादीसाठी साठ शब्द लिहिले. जबडा आत असलेला, पोहणाऱ्या माशाचा एक फोटोही शोधून जोडला. वरून उत्तर आलं की फोटो ‘फ्लॅट’ आहे, लोक थांबणार नाहीत. गेला तो जबडा बाहेर असलेलाच. मला यात कोणाचा दोष दिसत नाही, धंदा तसाच चालतो, आणि तुम्हीही आत्ता लेखाच्या सुरुवातीला तोच फोटो बघून पुढे आलात.

पण वाचता वाचता एक बातमी सापडली, ती यादीत बसणारी नव्हती. २०२३ च्या जूनमध्ये तैवानच्या किनाऱ्यापलीकडे एका ट्रॉलरच्या जाळ्यात ४.७ मीटर लांब, ८०० किलोची मादी आली. पोटात सहा पिल्लं होती. एवढी वर्षं या जातीची गाभण मादी शास्त्रज्ञांच्या हाती लागल्याची नोंद नव्हती, त्यामुळे ही मोठीच गोष्ट. ती एका हॉटेलात जाणार होती. तिथल्या एका संग्रहालयाने विकत घेतली. फोटोत ती जेट्टीवर टांगलेली आहे. जबडा बाहेर. तळ खरवडणाऱ्या जाळ्यांना हे नको होतं, ते दुसऱ्याच माशासाठी टाकलेलं होतं. आमच्या गावचे पारंपरिक मच्छीमार मोठ्या ट्रॉलरांबद्दल कितीतरी वर्षं हेच सांगतात: जाळं निवडत नाही. मोरी आता पूर्वीसारखी मिळत नाही, असं काका प्रत्येक मे महिन्यात म्हणतात. शार्क उशिरा वयात येतात, पिल्लं कमी देतात, गेलेल्यांची भरपाई लवकर होत नाही.

ही बातमी मी आईला फोनवर वाचून दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “सहा होती?”

“हो.”

“अरे देवा.”

दाताचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. निघाला तो पंधरा दिवसांनी. एका स्थळाकडून निरोप आला होता की मुलीचा अजून एक फोटो हवा, बाजूने काढलेला. मुलगा पुण्याचा, बंगळुरूतच नोकरीला, घर माझ्या पीजीपासून मेट्रोने सहा स्टेशनं. आई मला हे सांगताना अडखळत होती. मी विचारलं, “मग काय पाठवू? वळवून काढू?”

“मी कळवलं त्यांना,” ती म्हणाली.

“काय कळवलं?”

“म्हटलं, फोटोत ती नीट येत नाही. मुलगा तिथेच आहे ना, चहाला भेटा म्हणावं. बोलताना बघा.”

भेट येत्या रविवारी आहे, जयनगरमध्ये. डॉक्टर बाईंची पुढची तारीखही मी रद्द केलेली नाही, ती त्यानंतरच्या गुरुवारी आहे. आईला दोन्ही माहीत आहे. तिने फक्त एवढंच विचारलं की तिथे इडली बरी मिळते का, आणि आल्यावर लगेच फोन कर म्हणाली.